उजवीकडचा खांब

६ जानेवारी

घरात माझं बोलणं कुणी शेवटपर्यंत ऐकत नाही, म्हणून आजपासून वहीशी बोलणार आहे. वही निदान मध्येच उठून गॅस बारीक करायला जात नाही.

बातमी अशी, की भिंत मला मिळाली. बंदरावर फेरीबोटीच्या उतारूंसाठी नवं प्रतीक्षालय बांधलंय. त्याची समोरची अख्खी भिंत एकाच छायाचित्राला द्यायची आहे आणि आर्किटेक्टबाईंनी माझं नाव सुचवलं. त्यांचे शाळेपासूनचे सगळे पासपोर्ट फोटो माझ्या स्टुडिओत निघालेत, म्हणून मी त्यांच्या लक्षात होतो. तसा या गावातला जवळजवळ प्रत्येक चेहरा मी काढलाय. मान सरळ, हनुवटी किंचित खाली, हसू नका. ते फोटो अर्जांवर चिकटले, ओळखपत्रांत गेले, फायलींत पिवळे पडले. भिंतीवर एकही लागला नाही. गेल्या वर्षी स्टुडिओला कुलूप लावताना मला त्याचंच वाईट वाटलं होतं. आता एक चित्र, खाली माझं नाव, आणि बोटीची वाट बघणारी माणसं त्याच्यासमोर बसणार. हे नीट झालं पाहिजे. दुसरी भिंत मला या वयात कोण देणार?

बाईंची अट एवढीच, की चित्र किनाऱ्याचं हवं, शांत हवं, पण रिकामं नको. फेब्रुवारीअखेर भिंतीवर लागलं पाहिजे.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "म्हणजे आता रोज पहाटे खडकांवर जाणार तुम्ही?"

"उजेड तेव्हाच चांगला असतो."

"मग मीही येते. एकटे नका जाऊ."

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभं आयुष्य लोकांचे फोन जोडून देण्यात गेल्यामुळे हिला वाटतं, हिच्याशिवाय कशालाच काही जोडलं जात नाही. ये म्हटलं, पण चौकटीत येऊ नकोस.

९ जानेवारी

तिपाईला फोटो दाखवायला नको होते. तिपाई म्हणजे माझा जुना दोस्त. कॅमेऱ्याच्या स्टँडसारखाच उंच, किडकिडीत, आणि जाईल तिथे पाय पसरून बसणारा. लग्नांचे फोटो काढून काढून त्याला वाटतं, आपल्याला सगळं कळतं.

"समुद्र बरोब्बर अर्धा, आकाश बरोब्बर अर्धं, खडक बरोब्बर मध्ये," तो म्हणाला. "अरे, तू समुद्राचा पासपोर्ट काढलायस. हनुवटी खाली घे म्हणालास की नाही त्याला?"

राग आला, पण खोटं काय आहे त्यात. हाताला सवयच तशी. क्षितिज वर घेतलं की वाटतं कपाळ कापलं, खाली घेतलं की वाटतं गळा कापला. खडक डावीकडे सरकवला की गिऱ्हाईक स्टुलावरून पडतंय असं वाटून माझा हात आपोआप कॅमेरा वळवतो. आज सकाळभर स्वतःशीच भांडत होतो.

परतताना पुन्हा पाय घसरला. नवे बूट भिकार निघाले. हिने दंड धरला तेव्हा उगीच तिच्यावरच खेकसलो.

१३ जानेवारी

पोरगीने आईला शाल आणली. पहाटे गार वारा असतो म्हणून. मी म्हटलं, छान आहे, पण राखाडी कशाला आणलीस, आणखी म्हातारी दिसेल.

दोघी हसल्या. "बाबा, जांभळी आहे. फिकट जांभळी."

"राखाडी आहे."

"बाबा, खिडकीपाशी या."

गेलो. खिडकीपाशीही राखाडीच होती. दोघींचं हसणं थांबलं आणि एकमेकींकडे बघणं सुरू झालं. माझ्यामागे खाणाखुणा केलेल्या मला कळतात. पोरगी एका खोक्यांच्या कारखान्यात वेष्टनांची डिझाइनं करते. बिस्किटाच्या पुड्यावर कुठला लाल शोभतो ते तिला कळत असेल, म्हणून रंग मला शिकवायचे का?

सकाळीही तोच वैताग. वाळूवर लाटेने सुंदर रेघा काढल्या होत्या, मी वाकून चौकट लावतोय, तर ही नेमकी समोर.

"खांबासारखी मध्ये उभी राहू नकोस गं."

"तुमचा पाय कुठे पडतोय ते बघत होते."

"माझा पाय मी बघतो. तू चौकटीबाहेर राहा."

हे रोजचंच झालंय. मी खांब म्हणतो, ही सरकते, आणि जिथे सरकते तिथेही माझी चौकट असते.

१९ जानेवारी

चौकटीत काय घ्यावं हे सोपं आहे, काय सोडावं तिथे घोडं अडतं. स्टुडिओत मागे पडदा असायचा, त्यामुळे सोडायला काही नव्हतंच. इथे सगळंच समोर पसरलेलं. लाटा, फेस, ढग, पक्षी, लांबचं जहाज. सगळं घेतलं की भाजीबाजार होतो. सगळं सोडलं की बाई म्हणणार रिकामं आहे.

एक जागा मात्र सापडली. खडकांच्या पलीकडे छोटी खाडीसारखी वळण घेतलेली वाळू आहे. ओहोटीला तिथे पाण्याचा पातळ थर राहतो, आरशासारखा. एक होडी कायम तिथे टेकलेली असते. होडी डावीकडे खाली ठेवायची आणि उजवीकडचं पाणी मोकळं सोडायचं, असं ठरवलंय. उजव्या बाजूला वजन थोडं कमी पडेल. बघू.

रंगांनी मात्र नाकी नऊ आणलेत. कॅमेऱ्यातून निघालेला प्रत्येक फोटो मळकट. समुद्रात कुणी चहाचं पाणी ओतल्यासारखा. पूर्वी हा समुद्र असा नव्हता, मला चांगला आठवतो. कॉम्प्युटरवर बसून निळा वाढवला, आणखी वाढवला, तेव्हा कुठे जीव आला. पोरगी मागून बघत होती.

"बाबा, हे शाईसारखं झालंय."

"तुझा स्क्रीन बिघडलाय."

"स्क्रीन ऑफिसचा आहे, बाबा. त्याची दर महिन्याला तपासणी होते."

मग त्या तपासणाऱ्यालाच कुणीतरी तपासायला हवं.

२४ जानेवारी

लॅबवाल्याशी कडाक्याचं भांडण. नमुना म्हणून छोटी प्रिंट काढायला दिली होती. त्याने ती दुकानाच्या दारात उजेडात धरली. "काका, हे वांग्यासारखं आलंय. मी जरा कमी करून देऊ?"

मी म्हटलं, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मी डोळ्यांत तेल घालून प्रिंटा तपासतोय, आणि तू मला वांगं दाखवतोस? तर म्हणतो, तुम्ही म्हणाल तसं. त्या 'तुम्ही म्हणाल तसं'चा मला जास्त राग आला. घरीही हल्ली हेच ऐकतो. कुणी वाद घालत नाही, सगळे समजूत घालतात.

२८ जानेवारी

मिळालं. आज मिळालं.

पहाटे धुकट होतं. पाणी आणि आकाश यांच्यामधली रेघच पुसली गेली होती, म्हणजे क्षितिज वर घेऊ की खाली हा तंटाच मिटला. होडी डावीकडे, तिची मागची बाजू आमच्याकडे, खाली तिचीच उलटी सावली. सूर्य धुक्याच्या आड, त्यामुळे उजेड सगळीकडे सारखा पसरलेला. मी पडद्याआड गेल्यासारखा कॅमेऱ्यात डोकं घालून बसलो होतो. ही मागून काहीतरी म्हणाली, बहुतेक पाण्यापर्यंत जाऊ का म्हणाली. मी हं म्हटलं. त्या वेळी तिने घर विकू का विचारलं असतं तरी हं म्हटलं असतं.

मग पाऊण मिनिट वारा पडला आणि पाणी काचेसारखं झालं. तेवढ्यात काढला.

विशेष म्हणजे ही आज मध्ये आली नाही. नजर फिरवली तर कुठेच दिसली नाही. पहिल्यांदाच सांगितल्यासारखं वागली. सामान आवरून हाक मारली, तेव्हा धुक्यातून ओल्या पायांनी आली. गाल लाल झालेले. "आज ओरडला नाहीत," म्हणाली.

"आज तू शहाण्यासारखी वागलीस."

परतताना सबंध वाट काहीतरी गुणगुणत होती. किती दिवसांनी ऐकलं. मीही मोकळ्या आवाजात साथ दिली. वाटेतला कुत्रा उठून गेला.

१ फेब्रुवारी

फोटो मोठा करून पाहिला. होडी झकास. पाणी झकास, म्हणजे निळं केल्यावर झकास. पण उजवीकडे माशी शिंकलीच. दूर, पाण्याच्या काठाला, एक खांब आलाय. होड्यांचे दोर बांधायला ठोकतात तसला, काळपट, जुनाट. तिथे असल्याचं मला आठवत नाही, पण धुक्यात काय काय लपतं.

दुपारी सगळे बाहेरच्या खोलीत होतो. ही बाजूला शेंगा सोलत होती. मी पोरगीला स्क्रीनवर बोट लावून दाखवलं. "होडी राहू दे. हा उजवीकडचा खांब तेवढा काढून टाक. सगळ्या चित्राची वाट लावतोय."

पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. "बाबा, खरंच काढू?"

"मग काय ठेवतेस? एवढ्या सुंदर पाण्यात मध्येच हा खांब. इतक्यांदा सांगूनही चौकटीत येतोच."

म्हणजे असले खांब, असं म्हणायचं होतं मला. किनारा नुसता त्यांनी भरलाय.

हिने शेंगांचं ताट उचललं. आत जाताना म्हणाली, "काढून टाक गं. त्यांचं चित्र आहे."

बघ, म्हटलं, आईलासुद्धा कळतं. पोरगीने स्क्रीन बंद केला आणि तिला ऑफिसचं काम आठवलं.

४ फेब्रुवारी

ही सकाळी येईनाशी झाली. गुडघा दुखतो म्हणे. गुडघा दुखतो तर बाजारात कशी जाते? शाल घडी करून कपाटात ठेवलीय. थंडी तर तेवढीच आहे.

आज एकटाच गेलो. आणखी एखादा बरा फोटो मिळतो का बघायला. खडकांच्या पायऱ्या उतरताना अंदाज चुकला आणि कॅमेऱ्यासकट बसलो. कॅमेरा वाचला, लेन्सच्या पुढची काच फुटली. कोपर सोलवटलंय. घरी सांगितलं नाही, फुलबाह्यांचा शर्ट घातला.

जेवताना तीन माणसं आणि चमच्यांचा आवाज. मी विचारलं, झालंय काय? पोरगी म्हणाली, "काही नाही." ही म्हणाली, "मीठ हवंय का?"

माणूस आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम करतोय आणि घरात हे असं.

६ फेब्रुवारी

ही थोरल्या बहिणीकडे गेली. काही दिवस राहीन म्हणाली. किती दिवस ते नाही सांगितलं. बरंच झालं, मला शांतता हवीच होती.

९ फेब्रुवारी

चित्र मंजूर. आर्किटेक्टबाईंचा स्वतः फोन. पोरगीने फाइल पाठवली होती, आणि बाई नुसत्या भरभरून बोलत होत्या.

"ती आहे म्हणून चित्र आहे, काका. ती नसती तर नुसतं पाणी होतं. आणि ती पाठमोरी आहे ना, तेच मला फार आवडलं. कुणाची तरी वाट बघतेय असं वाटतं. आमच्या हॉलला अगदी साजेसं."

मला भरून आलं. होडीकडे इतक्या बारकाईने बघणारं माणूस आजकाल भेटतं कुठे? होडीची मागची बाजू मी मुद्दाम आपल्याकडे ठेवली होती. तिपाईला ते कळलं नव्हतं, तो म्हणाला होता, ही काय होडीची पाठ काढलीस.

"मी थांबलो होतो तिच्यासाठी," मी बाईंना सांगितलं. "नीट दिसेपर्यंत कितीतरी सकाळी गेल्या."

"ते जाणवतं," बाई म्हणाल्या. "एक विनंती. ती काढू बिढू नका हं. तुमच्या मुलीने विचारलं होतं."

पोरगीचं डोकं फिरलंय का? होडी काढायला सांगितलं कुणी? संध्याकाळी तिला विचारलं, तर म्हणाली, "मी काहीच काढलेलं नाही, बाबा. काढणारही नाही. तुम्हाला काढायचंच असेल तर तुमच्या हाताने काढा." आणि दार लावून घेतलं. म्हणजे खांबही तसाच आहे. राहू दे, भिंत मोठी आहे, एका कोपऱ्यातला खांब कोण बघतोय?

हो, बाई शेवटी म्हणाल्या, रंग तेवढा सांभाळा, समुद्र इतका जांभळा नसतो. पाटीवर टाकायला चित्राचं नावही मागितलंय. 'ओहोटीची होडी' बरं वाटतं.

१२ फेब्रुवारी

लॅबमध्ये चित्राच्या एका पट्टीची मोठी प्रिंट पाहिली. लॅबवाला वांगं म्हणाला नाही, पण त्याच्या तोंडावर वांगं दिसत होतं. तिपाईने माझा हात धरून मला रंगांच्या तक्त्यासमोर उभं केलं.

"हा कुठला?"

"करडा."

"आणि त्याच्या शेजारचा?"

"तोही करडाच. जरा मळका."

"एक आकाशी आहे, एक लव्हेंडर," तिपाई म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "अरे, डोळे दाखव कुणाला तरी."

मी त्याला नको ते बोललो. भिंत मिळाल्यापासून मला पाण्यात पाहतोस, म्हणालो. त्याने सायकलवर मला मागे बसवून घरापर्यंत सोडलं आणि गेला.

हिला फोन केला.

"पायऱ्या नीट उतरता ना?" हिने आधी हेच विचारलं.

"उतरतो. तू कधी येतेस?"

"बघते." मग हळूच, "तुमचा खांब निघाला का?"

"नाही अजून. पोरगी ऐकत नाही. मी म्हटलं, राहू दे आता, कोण बघतंय."

पलीकडे काहीच ऐकू येईना. आयुष्यभर एक्स्चेंजमध्ये बसलेल्या बाईने लाइन अशी मुकी ठेवलेली मी पहिल्यांदा अनुभवली. मी दोनदा हॅलो म्हटलं. मग म्हणाली, "ठेवते," आणि ठेवला.

एका खांबाचं हिला काय एवढं?

१६ फेब्रुवारी

आपल्याच घराच्या पायरीवरून पडलो. पोरगीने सोलवटलेलं कोपरही पाहिलं, जुनं आणि नवं दोन्ही, आणि मला सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही जवळजवळ पिवळ्या काचेतून बघताय. निळा, जांभळा हे तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. चांगली दोन-तीन वर्षं झाली असणार. तुम्हाला जाणवलं नाही?"

काय सांगणार? मला लोकांचं चुकतंय हे जाणवत होतं.

परवा उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. डावा नंतर. पोरगीला म्हटलं, रंग तूच कर. मला विचारू नकोस, दाखवू नकोस. तिने फक्त मान हलवली. ज्याचं नाव खाली येणार, त्याला चित्राचे रंग दुसऱ्याच्या ओंजळीने प्यायला लागतायत. रडू आलं. तेही, म्हणजे, पिवळंच दिसत असेल.

२१ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली. हीही आली, ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच. डोळ्यात थेंब वेळच्या वेळी घालते. पण बोलते ती नर्ससारखी. वर बघा. मिटा. हात लावू नका. पाहुणी आल्यासारखी बॅग कोपऱ्यातच आहे, सामान कपाटात लावलेलं नाही.

आणि जग भलतंच झालंय. उशीची खोळ इतकी पांढरी की डोळ्याला टोचते. भिंतीवर डाग आहेत. पोरगीच्या केसात चांदीची तार आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नव्या डोळ्याने खिडकीबाहेर पाहिलं, मग तो मिटून जुन्याने पाहिलं. जुन्याने पाहिलं की सगळं चहात बुडतं. लॅबवाल्याकडे जाऊन माफी मागायला हवी. तिपाईचीही. त्याच्या जन्माची सोय झाली आता, मरेपर्यंत चिडवेल.

कपाट उघडलं तर शाल. जांभळी. पहाटे उजाडायच्या आधी आकाश असतं तशी, फिकट.

"अगं, ही शाल जांभळी आहे."

"होतीच," ही म्हणाली आणि थेंबांची बाटली फ्रिजमध्ये ठेवायला गेली.

२७ फेब्रुवारी

आज काय झालं ते नीट क्रमाने लिहितो, नाहीतर माझाच विश्वास बसायचा नाही.

चित्र भिंतीवर चढलं. पोरगी मला बंदरावर घेऊन गेली. हॉल रिकामा, बाकांवरचं प्लास्टिकही निघालेलं नाही. मी मुद्दाम आधी उजवा डोळा मिटला. जुन्या डोळ्याने माझं चित्र दिसलं, मला माहीत असलेलं. डावीकडे होडी, मळकट पाणी, उजवीकडे तो मेला खांब. माणसाएवढा मोठा करून ठेवला होता.

मग उजवा डोळा उघडला आणि डावा मिटला.

समुद्र निळा नव्हताच. राखेसारखा, हिरवट, मध्येच आतून उजळणारा. लॅबवाला खरा होता, सगळे खरे होते. तेवढ्यावर भागलं असतं तर किती बरं झालं असतं. उजवीकडे, पाण्याच्या काठाला, एक बाई उभी होती. पाठमोरी. चपला हातात. खांद्यावर फिकट जांभळी शाल, आणि तिचाच रंग खालच्या ओल्या वाळूत उतरलेला. एक पाय जरा पुढे, थंड पाण्यात घालू की नको अशा बेताने. तसा पाय एकच बाई टाकते. पायरी असो, पाणी असो, तसाच.

"ही इथे कधी आली?" मी विचारलं.

पोरगी थंडपणे म्हणाली, "बाबा, पुरे. आईसमोर तिला खांब म्हणालात. वाट लावतोय म्हणालात. काढून टाक म्हणालात."

"मी खांबाला खांब म्हणालो!"

"कुठल्या खांबाला?"

मी बोट दाखवलं. मग डोळा बदलून पुन्हा दाखवलं. तिने माझ्या बोटाकडे पाहिलं, माझ्या मिटलेल्या डोळ्याकडे पाहिलं आणि बाकावर बसली. "म्हणजे तुम्हाला आई दिसतच नव्हती?" आधी हसली, मग तोंडावर हात धरून रडली. मी उभाच. 'ती आहे म्हणून चित्र आहे.' 'ती पाठमोरी आहे.' 'ती काढू नका.' आर्किटेक्टबाईंचा एकेक शब्द आठवायला लागला. ती होडी नव्हती. ती ही होती.

हिने विचारलं होतं, पाण्यापर्यंत जाऊ का. मी हं म्हटलं. तिला वाटलं असणार, या माणसाने इतक्या वर्षांत एकदाचं चौकटीत घेतलं. म्हणून गुणगुणत होती. आणि मग शेंगा सोलताना तिने ऐकलं ते ऐकलं.

घरी आलो. ही स्वयंपाकघरात ओट्यापाशी होती. बोलताना घोटाळाच जास्त झाला, आधी डोळा, मग होडी, मग आर्किटेक्टबाई, सगळं उलटसुलट. शेवटी एवढंच म्हणालो, "शपथ घेतो, मला तू दिसलीच नव्हतीस."

हिने ओटा पुसायचा थांबवला. "तेच तर," म्हणाली.

आणि पुन्हा पुसायला लागली. मला वाटलं होतं, खरं कारण कळलं की हिचा राग जाईल. गेला नाही. बरोबरच आहे. मोतीबिंदू दोन-तीन वर्षांचा आहे, खांब त्याच्या कितीतरी आधीचा.

२ मार्च

पाटी बनवणाऱ्याचा फोन आला. "चित्राचं नाव 'ओहोटीची होडी' लिहिलंय, नक्की करू?"

म्हटलं, खोड ते. दुसरं लिही. त्याला सांगितलं.

"नुसतं तेवढंच? पुढे काही राहिलंय का?"

"नाही. तेवढंच."

"साहेब, एकच अक्षर आहे."

"एवढ्या अक्षरात आमचा सगळा संसार झालाय. लिही."

५ मार्च

आज हिला बंदरावर घेऊन गेलो. यायला तयार नव्हती. पोरगीने शाल हातात दिली, तेव्हा गुपचूप खांद्यावर घेतली. हॉल माणसांनी भरलेला. सामान, पोरं, डुलक्या. बरेच जण चित्राकडे बघतही नव्हते, एक म्हातारा मात्र टक लावून बसला होता, त्याच्या शेजारी जागा मिळाली.

ही बराच वेळ वर बघत होती. स्वतःची पाठ माणूस कधी बघतो? मग उठली, पाटीपाशी गेली, वाकून वाचलं. माझं नाव, आणि त्याच्या वर मोठ्या अक्षरात 'ही'.

परत येऊन बसली. "लोकांना काय कळणार? ही कोण म्हणून विचारतील."

"लोकांसाठी ती आहे," मी म्हटलं. "ही माझ्यापुरती."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पण शाल जराशी सावरून घेतली आणि तिचं एक टोक माझ्या गुडघ्यावर आलं, ते तिने काढलं नाही. बोट लागली. माणसं उठली, सामान उचललं, हॉल रिकामा झाला. आम्हाला कुठेच जायचं नव्हतं.

"क्षितिज कुठे आहे यात?" हिने विचारलं.

"नाहीच आहे. धुकं होतं."

"बरं झालं." मग मान तिरकी करून पुन्हा भिंतीकडे बघितलं. "शाल तेवढी जरा जास्तच निळी आलीय. नाही?"

"असेल," मी म्हटलं. माझा डावा डोळा अजून व्हायचा आहे.